लॉरीचा गुरुवार

आमच्या घरात उपास करणारा एकच जीव होऊन गेला आणि तो कुत्रा होता. बाकी आम्ही सगळे तिन्ही त्रिकाळ खाणारे. बाबांनी तरुणपणी दीक्षा घेतली तेव्हाच घरातून देव, देव्हारा, नवससायास आणि उपासतापास एकदमच बाहेर गेले होते. भिंतीवर बुद्धाची एक तसबीर होती, तिला पौर्णिमेला उदबत्ती लागे, एवढंच. बाबा म्हणत, ज्यांच्या सात पिढ्या उपाशी राहिल्या त्यांनी पुन्हा मुद्दाम ठरवून उपाशी राहायचं काही कारण नाही. ते शाळामास्तर होते, त्यामुळे हे वाक्य ते वर्गात सांगावं तसं दोनदा सांगत आणि दुसऱ्यांदा संपायच्या आत माय त्यांच्या ताटात आणखी अर्धी भाकर टाके. अशा घरात राहून लॉरी दर गुरुवारी कडकडीत उपास करायला लागला, आणि तो त्याला मी शिकवला. जाणूनबुजून नाही, पण शिकवला मीच.

आमचं घर गावात नव्हतं, शेतातच होतं. आदिलाबाद जिल्ह्यात, नेरडीगोंड्याच्या अलीकडे नागपूरची मोठी सडक सोडली की डाव्या हाताला आमचं शेत लागे, आणि गाव तिथून मैलभर आत. आजोबांना सरकारकडून ही जमीन मिळाली तेव्हा ती निव्वळ मुरूम होती, म्हणूनच मिळाली. आजोबांनी आणि मग बाबांनी तिच्यातले दगड वेचून बांध घातला, विहीर खणली आणि त्या विहिरीला असं गोड पाणी लागलं की गावाला त्याचा रागच आला. दिवसभर सडकेवरून लॉऱ्या जात. चढावर गिअर बदलताना त्या जो कण्हल्यासारखा आवाज काढत, तो माझ्या लहानपणाच्या सगळ्या आठवणींच्या मागे चालूच असतो. घरात बाराही महिने ज्वारीची भाकर, आंबाडीची भाजी, तिळाची चटणी आणि वांगी. वांगी आमच्या शेतातली, काटेरी, लहान. माय ती गुरुवारी इचोड्याला बाजारात नेऊन विकायची.

हा गुरुवार नीट समजून घेतला पाहिजे, कारण पुढचा सगळा घोळ त्याच्यातच आहे. त्या दिवशी चूल पेटत नसे. आदल्या रात्रीच्या भाकरी फडक्यात बांधून माय आणि मी टोपल्या घेऊन पहिली बस गाठायचो. मी बाजारातून शाळेत, शाळेतून पुन्हा बाजारात. बाबा त्यांच्या गावच्या शाळेतून सायकलवर परस्पर तिकडे येत आणि उरलेला माल कॅरेजला बांधून आणत. दिवेलागणीच्या बसने आम्ही परत यायचो, मग चूल पेटायची, मग जेवण. म्हणजे गुरुवारी सबंध दिवस शेतात माणूस नसे.

लॉरीसुद्धा एका गुरुवारीच आला. इचोड्याच्या धाब्यापुढे एक लॉरी उभी होती, तिच्या फळीवरून हा खाली उतरला, धाब्यामागे काहीतरी हुंगून आला तोवर लॉरी निघून गेली होती. त्याने थोडा वेळ सडकेकडे पाहिलं आणि मग जवळात जवळ जे माणूस होतं, म्हणजे माझी माय, तिच्या रिकाम्या टोपलीमागे चालायला लागला. त्या दिवशी नेमकी आमची बस चुकली होती. तो सबंध वाटभर आमच्यामागे चालत आला. रंग बदामी, कान एक उभा एक पडलेला, आणि कपाळावर मधोमध उभा पांढरा चट्टा. लॉरीच्या तापलेल्या नळकांड्याला कधीतरी चिकटला असावा, तिथले केस पांढरेच उगवले होते. बाबांनी विचारलं, "हे कोनतं नवीन?" माय म्हणाली, "मी नाई आनलं. त्यानंच मले घरी पोचवलं." नाव मी ठेवलं. मला वाटत होतं की तो सडकेवर कान देऊन बसतो तो आपली लॉरी ओळखायला, आणि ती आली की हा जाणार. पुढे कळलं की तो आमच्या बसचा आवाज ओळखत होता. हे कळलं त्या दिवशी मला जो आनंद झाला तसा मला पुढे नोकरीची ऑर्डर हातात पडली तेव्हाही झाला नाही.

आता शिकवण्याबद्दल. आमच्याकडे रानडुकरांचा फार उपद्रव. उभ्या ज्वारीत कळप शिरला की सकाळी तिथे नांगरल्यासारखं दिसे. म्हणून लोक पिठात गूळ आणि फवारणीचं औषध मळून त्याचे गोळे बांधावर ठेवत. त्या गोळ्यांनी डुकरं थोडी मरत आणि कुत्री फार मरत. शेजारच्या शेतातली देवकाबाईंची काळी कुत्री अशीच गेली. तोंडाला फेस आणून ती आमच्या बांधाशी पाय झाडत होती ते मी पाहिलं. आमच्या बांधावर बाबांनी गोळा कधी ठेवला नव्हता. पण कुत्र्याला बांध आपला कोणता आणि परका कोणता हे कळत नाही. मी ठरवलं की लॉरीला असं शिकवायचं की जमिनीवर पडलेलं, परक्याने दिलेलं, काही म्हणजे काही त्याने तोंडात घ्यायचं नाही. मी सांगितलं तरच खायचं.

दोन महिने लागले. भाकरीचा तुकडा त्याच्यापुढे ठेवायचा आणि थोबाड हाताने धरून ठेवायचं. मग हात न लावता. मग पाठ फिरवून. मग माय, मग बाबा, मग रस्त्याने जाणारा कोणीही तुकडा टाके, आणि मी दाराआडून पाहत असे. तो लाळ गाळायचा, थरथरायचा, पण माझ्या तोंडाकडे पाहत राहायचा. मी "जेव" म्हटलं की मगच. कुत्रं खातं, माणूस जेवतं, हे मला माहीत होतं, मास्तरची मुलगी होते मी. पण माय मला ज्या आवाजात म्हणायची त्याच आवाजात मला त्याला म्हणायचं होतं. बाबा हे सगळं पाहून म्हणाले, "चाळीस पोरं दहा वर्षं शिकवून राह्यलो, एक असं निघालं नाई." माझ्या डोक्यात हवा गेली ती तिथेच. माय म्हणाली होती, "मह्याही शब्दावर खाऊ दे त्याले, बेबी. तू कुठं गेली तं?" मी म्हटलं, मी कुठे जाते? खरं असं की मला तो शब्द कुणाला द्यायचा नव्हता. आम्हा तिघांत सगळंच सामायिक होतं, कंगवासुद्धा. हे एवढं एक माझं एकटीचं होतं.

देवकाबाईंची ओळख करून द्यायला हवी. त्यांचं शेत आमच्या पूर्वेच्या बांधाला लागून. कुणब्यांचं खातंपितं घर, पण नवरा गेलेला, मुलगा हैद्राबादला, त्यामुळे दिवसभर शेतात एकट्या. त्या दत्ताच्या मोठ्या भक्त, वर्षातून दोनदा माहूरची वारी. स्वभावाने वाईट नव्हत्या. आमच्या मायशी बांधाच्या अल्याडपल्याड उभ्या राहून तासतासभर बोलायच्या, पण बांध ओलांडायच्या नाहीत. त्यांची विहीर होळीनंतर आटे, तेव्हा त्या अर्ध्या मैलावरून ओढ्यातून झऱ्याचं पाणी वाहायच्या आणि आमच्या विहिरीवरून जाताना मायला म्हणायच्या, "बाप्पा, काय उन्ह आहे वं!" माय म्हणायची, "व्हय न." दोघींनाही त्यात काही वावगं वाटत नसे. मला वाटत असे.

तर आपली कुत्री मेल्यापासून देवकाबाईंचा लॉरीवर जीव जडला. गुरुवारी तो एकटाच दिसला की त्या बांधावरून भाकर टाकत. तो बघेही ना. एक गुरुवार, दोन गुरुवार, चार गुरुवार. इतर दिवशी त्या फिरकत तेव्हा मी घरी असे आणि हळूच "जेव" म्हणे, मग तो खाई. म्हणजे त्यांच्या हिशेबी हा कुत्रा बुधवारी खातो, शुक्रवारी खातो आणि गुरुवारी तोंड लावत नाही. एकदा त्या मुद्दाम संध्याकाळपर्यंत बसून राहिल्या. आम्ही बसमधून उतरलो, चूल पेटली, आणि दिवा लागल्यावर लॉरी जेवला. दिवसभर निरंकार आणि दिवा लावून सोडायचा, खुद्द त्यांचा उपास तसाच होता. देवकाबाईंनी बांधावरच हात जोडले. कपाळावरचं पांढरं गंध त्यांना त्या दिवशी पहिल्यांदा नीट दिसलं.

दत्ताच्या पायाशी चार कुत्री असतात आणि ती म्हणजे चार वेद, असं सांगतात. त्या हिशोबाने चारांतला एक वेद आमच्या गोठ्यात शेणकुटाच्या ढिगाला पाठ लावून झोपत होता. ज्यांच्या कानावर वेद पडू नये म्हणून एवढा बंदोबस्त झाला त्यांच्याच घरी तो पिसवा चावत बसला होता. बाबांना हे इतकं आवडलं की ते आठवडाभर एकटेच हसत. पण गाव हसलं नाही. पुढच्या गुरुवारी सातआठ बायका आल्या, त्याच्या पुढच्या गुरुवारी पुरुषही. पेढे, केळी, शिरा. लॉरी ढुंकून बघेना, आणि तो जितकं बघेना तितके लोक जास्त नमस्कार करत. नाव बदलायचा प्रयत्न झाला, पण तो लॉरी सोडून कशालाच ओ देईना. शेवटी नाइलाजाने 'लॉरीमहाराज' झालं.

बाबा हे थांबवू शकले असते. "पोरीनं शिकवलं आहे त्याले," एवढं एकदा मोठ्याने सांगितलं असतं तर झालं असतं. त्यांनी सांगितलं नाही, आणि का नाही हे मला आता कळतं. महिन्याभरात देवकाबाई बांध ओलांडून आल्या. आमच्या अंगणात बाजेवर बसल्या. मायने भीतभीत चहा केला आणि त्या तो प्याल्या. कप खाली ठेवून म्हणाल्या, "साखर जास्त पडली वं." माय त्या रात्री चहाचा तो कप विसळताना रडली. आणि उन्हाळ्यात देवकाबाईंनी त्यांची घागर आमच्या विहिरीत सोडली. महाराज जे पाणी पितात ते आपण प्यायला काय हरकत, असं त्यांचं म्हणणं. वीस वर्षं आम्ही माणसं ते पाणी पीत होतो, त्याने ते चांगलं झालं नव्हतं. कुत्रा प्याला आणि झालं. मला याचा संताप येई. पण माय सकाळी देवकाबाईंची वाट पाहत विहिरीपाशी उभी राहायची, ते पाहिलं की माझं तोंड बंद होई.

मार्गशीर्षात दत्तजयंतीचा सप्ता असे. त्याच्या आदल्या दिवशी गावचे पटेल, म्हणजे पाटीलच, आमच्या अंगणात आले. हेच पटेल बाबांना सडकेवर थांबवून "काय बे मास्तर" म्हणायचे. आज ते आमच्या चटईवर बसले, पाणी मागून प्याले आणि म्हणाले, "मास्तर, तुमी नाई म्हनू नका. महाराज सात दिवस देवळात पायजेत. आठव्या दिवशी म्या सोता आनून सोडतो." बाबांना कुणी त्या गावात 'तुमी' म्हटलं ते पहिल्यांदाच. त्यांच्या चेहऱ्यावर एक पोरकट उजेड पडला. मी म्हटलं, "तो मी सांगितल्याशिवाय खात नाही." पटेल माझ्याकडे पाहून मायेने हसले आणि सोबतच्यांना म्हणाले, "पाहा, लेकरालेही ठावं आहे." बाबा मला म्हणाले, "भूक लागल्यावर खाईल तो." देवकाबाई तेवढ्या हुशार. त्यांनी मला गोठ्यामागे गाठलं. "बेबी, तू काय म्हनतंस वं त्याले? मले सांग. म्या ध्यान ठेवीन."

मी म्हटलं, "काही नाही म्हणत."

हे वाक्य मी आयुष्यभर फिरवून फिरवून पाहिलं आहे. मला वाटलं होतं, एक दिवस खाणार नाही, दुसऱ्या दिवशी घाबरून आणून देतील. बारा वर्षांच्या मुलीचा डाव तो. पण तो कुत्रा मरेल म्हणून घाबरणाऱ्या गावासाठी होता, आणि गाव पडलं भक्त.

सप्त्याचा भोंगा आमच्या शेतापर्यंत ऐकू यायचा. पहिल्या दिवशी भजन. दुसऱ्या दिवशी भोंग्यावरून जाहीर झालं की लॉरीमहाराजांनी अन्न वर्ज्य केलं आहे, फक्त पाणी घेतात. तिसऱ्या दिवशी इचोड्याहून जीपा भरून लोक आले. पटेलांनी मांडव वाढवला. महाराज सप्ता पुरा होईपर्यंत अनुष्ठानाला बसले आहेत, असं ठरून गेलं होतं. त्या संध्याकाळी देवकाबाई आल्या त्या पाणी न भरताच बसल्या. "उभं नाई राहवत त्याले," त्या हळूच मायला म्हणाल्या. "लोक म्हन्तात समाधी लागली. मले तं भूक दिसते वं, बाई."

मी जेवताना उठले. माय म्हणाली जा, आत्ताच जा. बाबा ताटातली भाकर मोडत राहिले. देवळाच्या पायऱ्या आमच्यापैकी कुणी चढायच्या नाहीत असं गावाचं म्हणणं होतं, आणि आपण मरेस्तोवर चढणार नाही ही बाबांची शपथ. गावाचं आणि बाबांचं एकमत असलेली ही एकच गोष्ट होती. शिवाय मी चढले आणि तो जेवला, की महाराजपण संपलं, आणि त्यासोबत चहा, विहीर, 'तुमी', सगळंच. हे आम्हा तिघांनाही कळत होतं, म्हणून ती रात्र तशीच गेली. सकाळी बाबांनी स्वतः भाकर कागदात बांधून माझ्या हातात दिली. म्हणाले, "मी पायरी चढनार नाई. तुले कोनी शपथ घातली नाई."

पाच पायऱ्या होत्या. चढताना कुणी अडवलं नाही, कारण असं कुणी करेल हे कुणाच्या ध्यानातच आलं नसावं. वर पांढऱ्या चादरीवर झेंडूच्या माळांत लॉरी पडला होता. फासळ्या दिसत होत्या. पुढे ताटांची रांग, शिरा, पुऱ्या, पेढे, त्यावर माश्या. माझा वास येताच त्याची शेपूट चादरीवर आपटली. तो उठायला गेला, मागचे पाय घसरले, पुन्हा उठला. मी भाकर पुढे ठेवली. तो भाकरीकडे बघत नव्हता, माझ्या तोंडाकडे बघत होता. मला रडू येत होतं, आणि रडत म्हटलेलं 'जेव' त्याला कळेल की नाही याची भीती वाटत होती.

"जेव," मी म्हटलं. "जेव रे राजा."

तो जेवला. भजन थांबलं. टाळ धरलेले हात तसेच. पुजाऱ्याने माझ्याकडे पाहिलं, मग पायरीकडे, मग पटेलांकडे, आणि पटेलांचा चेहरा मला ओळखीचा, सडकेवरचा, होत चालला होता. तेवढ्यात गर्दीतून देवकाबाईंचा आवाज आला. "महाराजानं लेकराच्या हातानं उपास सोडला! बोला गुरुदेव दत्त!" आणि सगळा मांडव गरजला. मी वळून पाहिलं तर देवकाबाई मोठ्याने ओरडत होत्या आणि डोळ्यांना पदर लावत होत्या. त्यांना सगळं कळलं होतं. त्यांनी त्या एका आरोळीत मला वाचवलं, मायचा चहा वाचवला, आणि लॉरीला कायमचा देवळात ठेवून दिला.

आठव्या दिवशी पटेलांनी त्याला आणलं नाही. देवाला दिलेलं परत घेत नाहीत म्हणाले. माझ्यावर एक सेवा आली. सकाळ-संध्याकाळ जाऊन पायरीखाली उभं राहायचं आणि "जेव" म्हणायचं. वर चढायचं नाही, तो चमत्कार एकदाच पुरे. मी चार दिवस गेले. तो वरून माझ्याकडे बघे, जेवे, आणि मी निघाले की दोरीला हिसके देई. माझी परीक्षा आली होती, मैलभर जाऊन यायचं दोनदा. पाचव्या दिवशी मी देवकाबाईंना वर त्याच्याजवळ बसायला सांगितलं आणि पायरीखालून म्हटलं, "असं म्हणायचं. मी म्हणते त्याच आवाजात." त्यांनी दोनचारदा म्हटलं. तो माझ्याकडे बघे. मी तोंड फिरवून घेतलं, जसं शिकवताना घ्यायची, आणि पाठीमागे त्याच्या जबड्यात भाकर मोडल्याचा आवाज ऐकला. देवकाबाई म्हणाल्या, "तवा काऊन नाई सांगितलं वं, बेबी?" त्या दिवशी मी घरी जाऊन जेवले नाही. आमच्या घरातला तो दुसरा उपास.

पुढे तो शब्द सगळ्यांना आला. पुजारी म्हणे, पटेल म्हणत, गावची पोरं येताजाता म्हणत. लॉरी फुगला. शिरा, पेढे, जमिनीवरचं, हातातलं, कुणाचंही. दोरीही सुटली, कारण आता तो कुठे जात नव्हता. मी दोन महिन्यांत घातलेली शिस्त त्याने दोन महिन्यांत घालवली. गुरुवारी मात्र त्याला कुणी दिवसभर काही देत नसे. आरतीनंतर सोडायचा. त्याचा उपास आता गाव सांभाळत होतं.

इकडे कुत्रं नाही म्हटल्यावर डुकरांना आमचं शेत मोकळं झालं. शाळू दाण्यात आला होता. तीन वेळा कळप शिरला. आणि बाबांनी, ज्यांनी कधी ठेवला नव्हता त्या बाबांनी, पीठ मळलं. गोळे तिन्हीसांजेला ठेवायचे आणि उजाडताच उचलायचे असा त्यांचा नेम, आणि ते न चुकता उचलत. एका गुरुवारी पहिली बस हॉर्न वाजवत उभी होती, एक टोपली फुटली, वांगी सडकेवर सांडली, बाबा ती वेचायला धावले आणि मग शाळेची वेळ झाली म्हणून तसेच सायकलवर बसले.

दिवेलागणीच्या बसमधून आम्ही उतरलो तेव्हा तो बांधावर तोंडाला फेस येऊन पडला होता, जिथे तो नेहमी आमची वाट पाहत बसायचा तिथेच. दिवसभर उपाशी राहून आपला उपास सोडायला तो घरी आला होता. इतक्या दिवसांनी का आला मला माहीत नाही. गुरुवार होता, बसची वेळ होती. मायने टोपली टाकली. मी त्याचं डोकं मांडीवर घेतलं, आणि त्याने माझ्या तोंडाकडे पाहिलं. मी काय म्हणणार होते? मागून बाबांची सायकल आली. ते उतरले, बांधाकडे पाहिलं, आणि सायकल तशीच पडू दिली. मी बाबांना त्याआधी आणि त्यानंतर कधी रडताना पाहिलं नाही.

सकाळी गाव आलं. महाराज आपल्या मूळ ठिकाणी येऊन समाधिस्थ झाले, आणि तेही गुरुवारी, हे पटेलांनीच सांगितलं. बाबा उभे होते. आयुष्यभर खरं बोला म्हणून छड्या मारणारा माणूस, त्याने तोंड उघडलं, मायकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि मिटलं. बांधावर समाधी झाली. बाबांनी पुन्हा कधी गोळा ठेवला नाही, तीन वर्षं शाळू डुकरांनीच खाल्ला. समाधीला त्यांनी हातही जोडले नाहीत. पण म्हातारपणी, आम्ही कुणी बघत नाही असं पाहून, तिच्याभोवतीचा पालापाचोळा झाडत, आणि मग खराटा गोठ्यात नेऊन लपवत.

आता मी आदिलाबादला असते. बाबा, माय, देवकाबाई, कुणी राहिलं नाही. सडक रुंद झाली, आणि समाधी नेमकी सडकेच्या काठावर आली. तिच्यावर पत्रा आहे, मराठी आणि तेलुगू पाटी आहे, आणि नावामुळे लॉरीवाले तिला आपला देव समजतात. हैद्राबादहून नागपूरकडे जाणारे ड्रायव्हर थांबून लिंबूमिरची बांधतात, एकाने तर नवा टायर वाहिलेला मी पाहिला. ज्याला एका लॉरीने मागे टाकलं त्याच्या पाया पडून लॉऱ्या पुढे जातात. मी हे कुणाला सांगत नाही. सांगितलं तरी पटणार नाही, आणि पटलं तर मला वाईट वाटेल.

गेल्या हिवाळ्यात मुलाच्या गाडीतून तिथे उतरले. डब्यात ज्वारीची भाकर होती. समाधीपुढे ठेवायला वाकले तर राखण करणाऱ्या बाईने हात आडवा केला. "नका ठेवू, मावशी. आज गुरुवार आहे. महाराजाले उपास असते."

"माहीत आहे," मी म्हटलं. सडकेवरून येणाऱ्या बसचे दिवे लागले होते. ती पुढे निघून जाईपर्यंत मी थांबले. मग भाकर मोडून ठेवली, आणि मायच्या आवाजात म्हटलं, "जेव."